डुक्कर फियाटचा जीर्णोद्धार

देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की काय होते, हे वाचकांना ठाऊक आहेच. काळ्या पाषाणावर ऑइलपेंट चढतो, भिंतींना चकचकीत फरशा लागतात. देव तोच राहतो, पण देऊळ ओळखू येत नाही. जुन्या मोटारींच्या नशिबीही पुष्कळदा असलाच उद्धार येतो.

आमच्या मोहोपाड्यात मामांच्या पडवीत १९५७ सालची फियाट अकराशे उभी आहे. १९७२ साली त्यांनी ती जुनीच घेतली होती. गोलमटोल अंगामुळे लोक हिला लाडाने डुक्कर फियाट म्हणत. पुढची दारे उलटी उघडणारी, गिअरचा दांडा सुकाणूच्या चक्राखाली. या गाडीतून खोपोलीचा घाट चढताना मामा शिंग्रोबाला नाणे वाहिल्यावाचून पुढे जात नसत.

हिचे कूळही थोर. शेठ वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन डॉज-प्लिमथ जोडल्या जात. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून अकराशे आली. तिचाच वंश पुढे पद्मिनी होऊन मुंबईची टॅक्सी बनला. २०२३ च्या ऑक्टोबरात त्यातली शेवटची नोंदणीकृत टॅक्सीही रस्त्यावरून उतरली.

गेल्या वर्षी मामेभावाने बेत केला : नवे जपानी इंजिन, वातानुकूलन, चमचमता रंग. मामा काहीच बोलले नाहीत. त्यांना आता जवळजवळ दिसत नाही. तेव्हा रंगाबद्दल त्यांना विचारणार तरी कोण?

मी मध्ये पडलो. भावाला आधी कायदा दाखवला. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या खासगी गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळते. मात्र सांगाडा, कवच वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, शर्यत-मेळावा, दुरुस्ती, तेल भरणे एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. भाऊ हिरमुसला, पण ऐकले.

मग काम सुरू झाले. प्रत्येक सुटा भाग काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घेतले, चिठ्ठी बांधली. रबरी पायपोसाखाली कोकणच्या पावसाने पत्रा खाल्ला होता. तेवढाच कापून तितकाच जोडला. दाराच्या आतल्या कडेवरचे रंगाचे थर हलक्या हाताने खरवडले. देवाच्या अंगावरचे शेंदराचे कवच निघावे तसे एकेक पापुद्रे सुटले आणि तळाशी मूळ फिकट राखी रंग सापडला. टायर व ब्रेकच्या नळ्या मात्र नव्या घातल्या. जिवाशी खेळून जुनेपणा जपण्यात काय हशील? डायनामो तोच दुरुस्त केला. गादीवरची एक जुनी ठिगळजोड मामींच्या हातची. तिला कोणी हात लावला नाही.

दसऱ्याला गाडी सुरू झाली. मामांना धरून आणले. त्यांनी दार चाचपले, उलटे उघडले, आत बसले, चक्राखालचा दांडा एकदा वरखाली केला आणि म्हणाले, “हीच ती.”

नवे इंजिन बसवले असते, तर गाडी अधिक वेगाने धावली असती. पण मामांना ती ओळखता आली असती का?