कोल्हापुरात घडलेला कॅमेरा

भांडवल आणि बाजारपेठ मुंबईत असताना चित्रपटाचा धंदा कोल्हापूरसारख्या लहान संस्थानी शहरात कसा रुजला? उत्तरासाठी एका यंत्राकडे पाहावे लागते.

कॅमेऱ्यात फिल्म सलग सरकते असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ती क्षणभर थांबते. त्याच वेळी झडप उघडून प्रकाश आत येतो. झडप मिटली की एक आकडी फिल्मच्या कडेच्या भोकांत अडकून तिला एक चौकट पुढे ओढते. मूकपटांच्या काळात हे सेकंदाला साधारण 16 वेळा घडे, तेही हाताने दांडा फिरवून! चौकट केसभर हलली तरी पडद्यावरचे चित्र थरथरते. म्हणजे गरज होती ती अचूक मापाच्या कारागिरीची.

ती कोल्हापुरात होती. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे नात्याने भाऊ नाटकांचे पडदे रंगवत. त्यांनी स्वतःच कॅमेरा बनवायला घेतला. 1916 मध्ये आनंदराव वारले. पुढे विष्णुपंत दामले यांच्या मदतीने बाबूराव पेंटर यांनी काम पुरे केले. तानीबाई कागलकर या गायिकेने पैसा पुरवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिचा 'सैरंध्री' 1920 मध्ये पडद्यावर आला. दामले, फत्तेलाल, शांताराम येथेच शिकले आणि 1929 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह 'प्रभात' काढली.

बोलपट आल्यावर गणित बदलले. ध्वनीसाठी फिल्मची गती सेकंदाला 24 चौकटी, आणि तीही अगदी एकसारखी हवी. गती बदलली की आवाजाची पट्टी बदलते. हाताचा दांडा गेला, विजेची मोटर आली. 'प्रभात'ने 1932 मध्ये 'अयोध्येचा राजा' कोल्हापुरातच केला. पण 1933 मध्ये कंपनी पुण्यास गेली. कोल्हापुरात पुढे भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओने परंपरा टिकवली.

महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट मात्र आज उरलेले नाहीत. तेव्हाची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची. ती चटकन पेटते, आणि न पेटताही हळूहळू विघटित होऊन चिकट होते, शेवटी तिची भुकटी होते. जानेवारी 2003 मध्ये पुण्यातल्या आगीत अशी असंख्य जुनी रिळे भस्मसात झाली. हाताने घडवलेले यंत्र पुन्हा घडवता येईल. त्यातून टिपलेले चित्र पुन्हा मिळणार नाही.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. वहीच्या कोपऱ्यात पानापानावर उडी मारणारा चेंडू काढा आणि पाने भरभर सोडा. मुलांना चेंडू उडताना दिसेल, पण जागा थोडी चुकली की तो थरथरेल. बाबूरावांपुढची अडचण नेमकी हीच होती.