हॉटेलातला पाऊस आणि हवाईचा राजा

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत भाच्याने तिकीट काढून मला अमेरिकेला बोलावलं. तो सॅन फ्रान्सिस्कोजवळ फ्रिमॉन्टला राहतो. एका संध्याकाळी म्हणाला, "मामू, चला, आज तुम्हाला हवाई दाखवतो." हवाई बेटं तिथून जवळजवळ चार हजार किलोमीटरवर. मला वाटलं, गंमत करतोय.

त्याने नेलं ते नॉब हिलवरच्या फेअरमाँट हॉटेलात, 'टोंगा रूम'मध्ये. १९२९ साली बांधलेला हॉटेलचा पोहण्याचा तलाव १९४५ मध्ये सिनेमाचे सेट करणाऱ्या एका माणसाने 'दक्षिण समुद्र' बनवून टाकला. पाण्यात तरंगत्या होडीवर वादक बसतात आणि अधूनमधून गडगडाट होऊन छतातून पाऊस पडतो. अशा जागांना 'टिकी बार' म्हणतात. आम्ही दोघंही न पिणारे. अननसाचा रस मागवला आणि पाऊस बघत बसलो.

अमेरिकेतली दारूबंदी १९३३ साली उठली. त्याच सुमारास हॉलीवूडमध्ये 'डॉन द बीचकोंबर' सुरू झाला. १९३४ साली व्हिक्टर बर्जेरॉनने ओकलंडमध्ये दुकान टाकलं, तेच पुढे 'ट्रेडर विक्स' झालं. 'टिकी' हा शब्द माओरी लोकांचा, रम कॅरिबियन बेटांची आणि जेवण चिनी वळणाचं. पॅसिफिक महासागरातल्या लढाईवरून सैनिक परतले, तेव्हा या नकली बेटांची चलती झाली. दुसऱ्या दिवशी दुकानांत पाहिलं, तर 'अलोहा' लिहिलेले रंगीत शर्ट आणि प्लास्टिकच्या फुलांचे हार टांगलेले होते.

त्याच शहरात मार्केट स्ट्रीटवर पॅलेस हॉटेल आहे. तिथे मात्र मी स्वतः हट्टाने गेलो. हवाईचा राजा कालाकाउआ २० जानेवारी १८९१ रोजी याच हॉटेलात वारला. ती इमारत १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत जळाली, आजची नंतरची आहे.

१८८१ साली या राजाने जगप्रदक्षिणा केली, तेव्हा तो आपल्या मुंबईतही येऊन गेला होता. मलायात जोहोरचे मुस्लिम शासक अबू बकर यांनी त्याचा पाहुणचार केला. मलय आणि हवाईयन या एकाच कुळातल्या भाषा. दोन्हींत पाचाला 'लिमा' म्हणतात.

राजामागून त्याची बहीण लिलिउओकलानी गादीवर आली. जानेवारी १८९३ मध्ये साखरेच्या मळ्यांशी हितसंबंध असलेल्या गोऱ्यांनी अमेरिकी नौसैनिकांच्या छायेत तिचं राज्य उलथवलं. १८९६ मध्ये नव्या सरकारने कायदा करून शाळांमधून हवाईयन माध्यम काढून टाकलं. १८९८ मध्ये बेटं अमेरिकेला जोडली गेली. म्हणजे पहिला टिकी बार उघडला, तेव्हा हवाईयन मुलांच्या शाळेतून त्यांची जबान जाऊन जवळजवळ चाळीस वर्षं झाली होती. लोकांना त्यांचे शर्ट, नाच, मूर्ती सगळं हवं होतं. फक्त भाषा कुणाला नको होती.

ती परत आणली ती तिथल्याच लोकांनी. १९७८ मध्ये हवाईयनला राज्याच्या अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला आणि १९८४ मध्ये 'पूनाना लेओ' ही बालवाडी सुरू झाली. तिथे लहान मुलांशी फक्त हवाईयनमध्ये बोलतात.

हे मला का खुपलं, ते सांगतो. आमच्याकडेही बिर्याणीला रांगा लागतात, स्नेहसंमेलनात शेरवानी घालून कव्वाली म्हणणाऱ्या पोरांना टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणारे फक्त बाहेरचे नसतात, आपलेही असतात. आणि जूनमध्ये उर्दूच्या वर्गासाठी मुलं मिळावीत म्हणून आम्ही शिक्षक दारोदार फिरतो. दोष सगळा सरकारवर टाकता येत नाही. बालवाडी उघडायला राजा लागत नाही, आईबाप लागतात.

परत आल्यावर पाचवीच्या फळ्यावर मी 'पाच' लिहिलं. बाजूला उर्दूत 'पाँच' लिहिलं. पोरं म्हणाली, "सर, हे तर एकच झालं!" मग त्यांना लिमाची गोष्ट सांगितली.