बारीक पोराची शुगर

आमच्या मेहरूणमध्ये एखाद्या लहान पोराला शुगर निघाली की गल्लीचा निकाल दोन मिनिटांत लागतो: "गोड फार खायचा." मग त्याच्या हातातली बोरंसुद्धा काढून घेतात. मेहरूणमध्ये राहून बोरं बंद! आईला वेगळा प्रश्न असतो, तुमच्या माहेरी कोणाला आहे का? म्हणजे दोष एक तर जिभेचा, नाहीतर रक्ताचा.

हे दोन कप्पे फार जुने आहेत. सुश्रुतसंहितेत प्रमेह दोन प्रकारचा सांगितलाय: आईबापांच्या बीजदोषातून येणारा 'सहज' आणि चुकीच्या खाण्यापिण्यातून होणारा 'अपथ्यनिमित्तज'. पहिला रोगी कृश, कोरडा, कमी खाणारा, सारखा तहानलेला. दुसरा स्थूल, खादाड, लोळत पडणारा. निरीक्षण जबरदस्त आहे. त्यावरून 'टाइप वन आपल्याला तेव्हाच माहीत होता' असे फॉरवर्ड फिरतात, ते सोडून द्या. स्वादुपिंड काढलं की मधुमेह होतो हे कुत्र्यांवरच्या प्रयोगातून कळायला १८८९ उजाडलं.

११ जानेवारी १९२२ ला टोरंटोमध्ये १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सनला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं. तोवर अशा मुलांवरचा उपाय म्हणजे जवळपास उपासमार. लेनर्डचं वजन ३० किलोसुद्धा नव्हतं. पहिला अर्क अशुद्ध निघाला. १२ दिवसांनी सुधारलेला दिला आणि त्याची साखर उतरली. तो पुढे १३ वर्षं जगला.

१९३६ मध्ये लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थने दाखवलं की काही रुग्णांचं शरीर इन्सुलिनला दाद देतं, काहींचं देत नाही. आजार एकच नव्हता तर. १९७४ मध्ये काही मधुमेहींच्या रक्तात स्वादुपिंडातल्या पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या. टाइप वनमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणाच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. लाडू-जिलेबीचा त्यात हात नाही, आणि बहुतेक मुलांच्या घरात आधी कोणालाच तो नसतो. सारखी तहान, सारखी लघवी, खाऊनही उतरणारं वजन दिसलं तर त्याच दिवशी साखर बघायची. गोड तोडून, इन्सुलिन टाळून काढलेले दिवस जिवावर बेततात.

पण गरीब देशांतली काही पोरं या कप्प्यांत बसेनात. हाडकुळी, कुपोषित, साखर भरमसाट, तरी टाइप वनसारखी कीटोन वाढून बेशुद्ध पडत नव्हती. १९५५ मध्ये जमैकातून असे रुग्ण नोंदले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये कुपोषणाशी संबंधित मधुमेह हा वेगळा प्रकार मानला आणि १९९९ मध्ये पुरावा अपुरा म्हणून यादीतून काढला. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. ड्रॉपडाउनमधला एक पर्याय उडवला की त्यातली माणसं नाहीशी होत नाहीत, शेजारच्या पर्यायात ढकलली जातात. इथे तेच झालं.

दरम्यान पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा गरोदरपणापासून अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी भरले, चरबी मात्र त्या मानाने टिकून. ज्या आयांना गरोदरपणात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनचा प्रतिरोध जास्त दिसला. मोठेपणीच्या टाइप टूची तयारी पोटातच सुरू होते, असा त्याचा रोख. माझ्या मते हे 'माहेरी कोणाला आहे का' पेक्षा फार अवघड प्रकरण आहे, कारण इथे प्रश्न आईच्या ताटात काय पडलं याचा आहे आणि ते ती एकटी ठरवत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणाच्या मधुमेहाला 'टाइप फाइव्ह' म्हणून मान्यता दिली. त्यामागे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचं काम होतं. नाव नुसतं कागदावर राहत नाही. अशा पोराला टाइप वन समजून भरपूर इन्सुलिन दिलं आणि रात्री घरात जेवण नसलं, तर साखर जीवघेणी खाली जाते. ग्लुकोमीटर दोघांचीही साखर सारखीच दाखवतो. फरक कळायला अँटिबॉडी आणि सी-पेप्टाइडची तपासणी लागते.