अनंताचे फळ आणि निळे पडलेले आतडे

१/ धाराशिवकडच्या माणसाला अनंत ठाऊक असतो तो फुलासाठी : पांढरे, सुगंधी, देवाला वाहण्याचे फूल. याच झाडाचे नारिंगी फळ चीन-जपानच्या वैद्यकात शतकानुशतके औषध म्हणून वापरले गेले. त्याचा एक दोष ध्यानात येण्यास मात्र एकविसावे शतक उजाडावे लागले.

२/ १९९०च्या दशकात जपानी डॉक्टरांनी एक विलक्षण विकार नोंदवला. आतड्याचा रक्तप्रवाह बिघडतो तो बहुधा धमन्यांमुळे आणि मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूस. येथे उजवी बाजू ग्रासलेली होती आणि नीला कॅल्शियम साचून कडक झाल्या होत्या. आतड्याचे अस्तर जांभळट-निळे दिसे. कुणाला पोटदुखी, जुलाब. कुणाला काहीच त्रास नाही.

३/ २००३ साली इवाशिता व सहकाऱ्यांनी ‘मेसेंटेरिक फ्लेबोस्क्लेरोसिस’ हा स्वतंत्र विकार मानावा असे सुचवले. अर्थ सरळ आहे : आतड्याच्या नीलांचे काठिण्य. कारण उमगत नसल्याने पुढे ‘इडिओपॅथिक’, म्हणजे अज्ञातकारण, हे विशेषणही चिकटले.

४/ दुवा सापडला तो रुग्णांच्या औषधांत. अनेकजण वर्षानुवर्षे ‘कांपो’ या जपानी परंपरेतील औषधे घेत होते आणि त्यांत अनंताचे फळ समान होते. १९७६ पासून अशी अनेक औषधे आरोग्यविम्यात आली होती; डॉक्टरच ती लिहून देत, त्यामुळे नोंदी होत्या.

५/ फळातील जेनिपोसाइडपासून मोठ्या आतड्यातील जिवाणू जेनिपिन तयार करतात. ते प्रथिनांशी संयोग पावून निळा रंग देते. हेच द्रव्य शोषले जाऊन नीलांच्या भिंती कठीण करत असावे, असे संशोधक मानतात.

६/ २०१८ साली जपानने अशा औषधांच्या माहितीपत्रकांत दीर्घकालीन वापराबाबत इशारा घातला. औषध वेळीच थांबवल्यास अनेकांना उतार पडतो. उशीर झाल्यास प्रसंगी आतड्याचा भाग काढावा लागतो.

७/ याचा अर्थ अंगणातला अनंत घातक, असा नव्हे. प्रश्न आहे मात्रेचा, काळाचा आणि नोंदीचा. धाराशिवात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, आणि आठवडी बाजारात जडीबुटी विकणाराही बसतो. “कोणती औषधे चालू आहेत?” या प्रश्नाच्या उत्तरात गोळ्या सांगितल्या जातात, चूर्ण आणि काढा राहून जातो, कारण त्याला कुणी औषध मानत नाही. जपानमध्ये कारण सापडले ते त्या काढ्याची नोंद होती म्हणून. जेथे ती नसते, तेथे विकार ‘अज्ञातकारण’च राहतो.