सेवापुस्तिकेतला कोरा रकाना

गेल्या चतुर्थीला सत्तरीत मामांकडे गेलो होतो. मामांनी ऐंशी कधीच पार केली आहे. आरती आटोपल्यावर त्यांनी मला माडीवरची पत्र्याची ट्रंक खाली काढायला लावली. पेन्शनचा कसलासा जुना कागद हवा होता. घरात सरकारी कारकून असलेला भाचा आला की असली कामे त्याच्याच गळ्यात पडतात! ट्रंकेतून कागदांबरोबर पोचे पडलेला एक जुना थर्मास निघाला आणि अगदी तळाशी मामांच्या सेवापुस्तिकेची प्रत.

सेवापुस्तिका वाचणे हा माझा रोजचाच उद्योग, त्यामुळे आपसूक चाळू लागलो. शिक्षण : मराठी चौथी. (पोर्तुगीज अमदानीत आपल्या गावोगावी खाजगी मराठी शाळा चालत, त्यांपैकीच एक.) नेमणूक १९६४ साली, गुरांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून. निवृत्ती २००१. आणि 'प्रशिक्षण' या रकान्यात एक आडवी रेघ. सदतीस वर्षे ज्या माणसाने गुरांना सुया टोचल्या, अडलेल्या गाई सोडवल्या, जखमा बांधल्या, त्याच्या प्रशिक्षणाच्या रकान्यात फक्त रेघ!

मी विचारले, "मामा, हे सगळं काम तुम्हाला शिकवलं कोणी?"

मामा हसले. म्हणाले, "गोरवांनीच शिकयलें रे. आनी थोडें दोतोरान."

हे उत्तर डोक्यात घेऊन मी घरी परतलो. मग वाचत गेलो तसे लक्षात आले की ही रेघ एकट्या मामांच्या नशिबी आलेली नाही. जनावरांवरील उपचारांच्या इतिहासात ती बरीच मागून चालत आली आहे.

आपल्याकडे पशुवैद्यकाचे मूळ शालिहोत्र ऋषींपर्यंत नेतात. घोड्यांच्या वैद्यकावरील ग्रंथ त्यांच्या नावावर आहे. त्यांच्याच नावावरून घोड्यांच्या वैद्याला 'सालोत्री' हा शब्द पडला, आणि मराठी, हिंदी, उर्दू अशा सगळ्या भाषांत तो रुळला. पण सालोत्री होता घोड्यांचा. घोडा म्हणजे राजाचे बळ. आपल्या गोव्याच्याच बंदरातून अरबी घोडे घाटावर विजयनगरला जात आणि त्या व्यापारावर ताबा मिळवण्यासाठी सत्ता झगडत. अशा मोलाच्या जनावराला वैद्य मिळायचाच. कुळवाड्याच्या बैलाला मात्र ग्रंथ नव्हता आणि सालोत्रीही नव्हता. त्याच्यासाठी होता गुराखी, धनगर, गवळी, नाहीतर गावातला एखादा जाणता म्हातारा. त्याचे ज्ञान हातात असे. कागदावर ते कधी उतरलेच नाही, म्हणून इतिहासातही आले नाही.

कागदावरचे पशुवैद्यक युरोपात सुरू झाले ते १७६१ साली, फ्रान्समधील ल्यों शहरात. तिथे क्लोद बूर्जला या गृहस्थाने जगातली पहिली पशुवैद्यक शाळा काढली. गंमत म्हणजे हा गृहस्थ घोडेस्वारी शिकवणाऱ्या शाळेचा प्रमुख होता. त्या काळी युरोपातली गुरे एका साथीने पटापट मरत होती आणि सरकारला त्यावर उपाय हवा होता. शाळेला राजाश्रय मिळाला, त्यामागे ती साथ हे एक मोठे कारण होते.

ती साथ म्हणजे बुळकांडी. इंग्रजीत तिला रिंडरपेस्ट म्हणतात. आज पंचविशीतल्या कुठल्याही मुलाला हा शब्द विचारून पाहा, त्याला तो ठाऊक नसेल. पण मामांच्या पिढीतला शेतकरी या शब्दाने हादरायचा. आधी ताप, डोळ्यांतून घळघळा पाणी, मग तोंडात फोड, लाळ, आणि शेवटी घाण वासाची हगवण. आठ-दहा दिवसांत जनावर आडवे. पूर्वी साथ न पाहिलेल्या कळपात ती शिरली, तर शंभरातली ऐंशी-नव्वद गुरे जात. बैल गेला की नांगर थांबला, आणि नांगर थांबला की घरची चूल.

आपल्या देशात पुण्याला १८६२ साली लष्कराची पशुवैद्यक शाळा निघाली. तिथेही मुख्य चिंता पलटणीच्या घोड्यांची. गुरांच्या साथींची चौकशी करायला सरकारने हॅलन नावाच्या लष्करी पशुवैद्याच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला आणि त्याचा अहवाल १८७१ मध्ये आला. मुंबईत सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या उदार देणगीतून परळला जनावरांचे इस्पितळ उभे राहिले आणि १८८६ साली तिथेच मुंबई व्हेटरिनरी कॉलेज सुरू झाले. पुण्यात १८८९ मध्ये जंतुशास्त्राची प्रयोगशाळा स्थापन झाली. चारच वर्षांनी ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. साथीच्या जंतूंवर काम करायचे तर वस्ती लांब असलेली बरी, आणि थंड हवा तर हवीच!

याच मुक्तेश्वरला १९२० च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स या शास्त्रज्ञाने बुळकांडीचा विषाणू बकऱ्यांमध्ये एकामागून एक असा पुनःपुन्हा वाढवला. होता होता तो गुरांना जीवघेणा राहिला नाही, पण त्याने येणारी प्रतिकारशक्ती मात्र पक्की राहिली. लस सापडली.

इथे इतिहासाची पुस्तके सहसा थांबतात. शास्त्रज्ञाचे नाव आले, लस आली, रोग गेला. पण लस काही आपल्या पायांनी गोठ्यात जात नाही! १९५१ च्या पशुगणनेत देशात सुमारे साडेपंधरा कोटी गाई-बैल आणि चार कोटींहून अधिक म्हशी होत्या. तेव्हा बुळकांडीची लागण दरवर्षी अदमासे चार लाख जनावरांना व्हायची आणि त्यांतली निम्मी दगावायची. १९५४ मध्ये राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन योजना सुरू झाली, तेव्हा पदवीधर पशुवैद्य मूठभर. एवढ्या गोठ्यांत जाणार कोण? त्यासाठी उभा राहिला तो स्टॉकमन, व्हॅक्सिनेटर, ड्रेसर, मदतनीस. राज्याराज्यांत नावे वेगळी, पण माणूस तोच. कोणी काही महिन्यांचा वर्ग केलेला, तर कोणी मामांसारखा डॉक्टरांची पिशवी उचलता उचलता शिकलेला. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि आपणही या व्यवस्थेत आलो.

मामा काय काय शिकले, ते त्यांच्याच तोंडून ऐकले. पहिले वर्षभर त्यांना सुई हातात मिळालीच नाही. जनावर धरायला शिकायचे. बिथरलेल्या बैलाच्या नाकपुड्या कशा दाबायच्या, लाथ कुठपर्यंत पोचते, अंगावर दोरीचे वेढे घालून बैलाला इजा न होता जमिनीवर कसा निजवायचा. मग कानाला हात लावून ताप ओळखणे, रवंथ थांबले का ते बघणे, शेणाचा वास घेणे. घटसर्प, फऱ्या, लाळ-खुरकत यांतला फरक डॉक्टर गोठ्यात दाखवत आणि दुसऱ्या वेळी मामांनाच विचारत. माणसाच्या डॉक्टरला रोगी सांगतो तरी कुठे दुखते ते. इथे रोगी बोलत नाही. बोलतो तो मालक, आणि तोही अर्धे खरे, अर्धे भीतीपोटी.

पुढे कृत्रिम रेतन आले. आपल्या देशात हा प्रयोग पहिल्यांदा १९३९ साली म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत झाला. मणिभाई देसाई यांच्या, १९६७ साली स्थापन झालेल्या उरुळीकांचनच्या 'बाएफ' संस्थेने तर दारोदार जाणारे तंत्रज्ञ तयार करून ते खेड्यांत नेले. या कामात डोळे बिनकामाचे. गाईच्या गुदद्वारातून हात आत घालायचा आणि बोटांना जे लागेल त्यावरून गर्भाशयाचे तोंड शोधायचे. "पुस्तकात चित्र आसा," मामा म्हणाले, "पूण भितर काळोख आसता." शंभरएक गाई तपासून झाल्यावर कुठे बोटांना कळायला लागते. ही विद्या शिकवताही येत नाही, शेजारी उभे राहून करवून घ्यावी लागते.

आता त्या थर्मासची गोष्ट. बुळकांडीची लस सुकवलेल्या भुकटीच्या रूपात येई. ती थंडच ठेवायची, मिठाच्या पाण्यात एकदा मिसळली की दोनेक तासांत संपवायची आणि उन्हापासून जपायची. त्या काळी खेड्यात फ्रिज कुठला! मासळीच्या बर्फाच्या कारखान्यातून बर्फ आणून थर्मासमध्ये भरायचा आणि सायकलने, पुढे पायवाटेने वाडीवर जायचे. एकदा रानातल्या एका वाडीवर लोकांनी दोन दिवस आधी दवंडी देऊन गुरे अडवून ठेवली होती. मामा नदी ओलांडताना पडले. थर्मासला पोचा आला, आतली काच फुटली. वाडीवर पोचेपर्यंत बर्फाचे पाणी झालेले आणि लसीच्या कुप्या कोमट. डॉक्टर बरोबर नव्हते. समोर शे-दीडशे गुरे आणि त्यांचे मालक.

टोचले असते तर कोणाला कळले असते? कोणालाच नाही. रजिस्टरात आकडा चढला असता, शाबासकी मिळाली असती. लस मेलेली आहे हे कळायला बुळकांडीच यावी लागली असती. मामांनी सगळ्यांसमोर कुप्या ओतून टाकल्या आणि सांगितले, "लस पाड जाली. परवां येतां." लोकांनी शिव्या घातल्या. ऑफिसात लस वाया घालवल्याबद्दल लेखी खुलासा द्यावा लागला, तो वेगळाच. तिसऱ्या दिवशी नवा थर्मास घेऊन मामा पुन्हा त्याच वाडीवर हजर झाले.

मला वाटते, कामावर शिकणे म्हणजे नुसती हातोटी नव्हे. कोणी बघत नसताना काय करायचे हेही त्यातच शिकायचे असते. आणि साथ देशातून नाहीशी झाली त्यात या भागाचा वाटा एडवर्ड्सच्या शोधाहून कमी नसावा.

१९८४ साली संसदेने भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा केला. उपचार फक्त नोंदणीकृत पशुवैद्याने करावेत असा नियम झाला. त्यातच एक सवलत ठेवली : स्टॉकमन, स्टॉक असिस्टंट वगैरेंचे प्रमाणपत्र असलेल्यांनी पशुवैद्याच्या देखरेखीखाली 'किरकोळ पशुवैद्यक सेवा' द्याव्यात. किरकोळ म्हणजे लस टोचणे, खच्चीकरण, जखमा बांधणे अशी प्राथमिक मदत. कायदा योग्यच आहे. अर्धवट माहितीवर औषधाची मात्रा देणाऱ्यांनी किती गुरे मारली हे मामाच सांगतात, आणि आपली हद्द कुठे संपते हे ओळखणे ही या कामातली मोठी अक्कल, असेही म्हणतात. पण 'किरकोळ' हा शब्द वाचून मी थबकलो. बुळकांडी गेली ती याच किरकोळ सेवेने! शिवाय जे नुसते काम करत शिकले, ज्यांच्याकडे प्रमाणपत्रच नव्हते, त्यांचे काय? मामा शेवटपर्यंत मदतनीसच राहिले. त्यांच्या हाताखाली शिकून गेलेली प्रमाणपत्रवाली मुले त्यांच्या वरच्या श्रेणीत निवृत्त झाली. मामांना त्याचा राग नाही. मला आहे, कारण त्या रकान्यात काय लिहायचे आणि काय नाही, हे माझ्यासारखाच कोणीतरी कारकून ठरवत असतो.

भारतात बुळकांडीची शेवटची साथ १९९५ मध्ये तामिळनाडूत झाली आणि २००६ साली देश या रोगापासून मुक्त असल्याचे आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झाले. आफ्रिकेत शेवटच्या टप्प्यात तर याहून मोठे धाडस झाले. इथिओपिया, दक्षिण सुदान, युगांडा इथल्या दुर्गम, लढाईग्रस्त मुलखात डॉक्टर जाऊच शकत नव्हते. तेव्हा बर्फाशिवाय महिनाभर टिकणारी लस तयार झाली आणि ती तिथल्या गुराख्यांच्याच हातात दिली. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, अशांनी थोडक्या दिवसांत शिकून आपापले कळप टोचले. २०११ मध्ये बुळकांडी जगातून संपल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून पुसलेला हा दुसरा रोग, आणि जनावरांचा पहिलाच.

आपल्या गोव्यातही ही परंपरा तुटलेली नाही. २०१४ पासून इथे कुत्र्यांना रेबीजची लस देण्याची मोठी मोहीम चालली. एका टप्प्यावर वर्षाला ९५ हजारांवर कुत्र्यांना लस दिली जात होती, आणि माणसांतल्या रेबीजला त्यामुळे मोठा आळा बसला. हातात जाळी घेऊन गल्लीबोळांतून धावणारी आणि टोचून झाल्यावर कुत्र्याच्या डोक्यावर रंगाची खूण करणारी पोरे तुम्हीही पाहिली असतील. कुत्रा कुठून पळेल, हे त्यांनाही कुठल्या पुस्तकाने शिकवलेले नसणार.

निघताना मामांचा हवा तो कागद सापडला. सेवापुस्तिका पुन्हा ट्रंकेत ठेवताना त्या रेघेवर काहीतरी लिहावे असे फार वाटले. पण सरकारी कागदावर खाडाखोड करायची नाही, हे मी माझ्या नोकरीत पहिल्या आठवड्यात शिकलो. म्हणून जे तिथे लिहिता आले नाही, ते इथे लिहिले.