छोटी पेटी, मोठा बास: बिल कोण भरतं?

गाडीत सबवूफर बसवायला गेलात की दोन प्रश्न समोर येतात. पेटी केवढी घ्यायची? आणि अ‍ॅम्प्लिफायर किती वॉटचा? आपण ते वेगवेगळे समजतो, पण मुळात हा एकच प्रश्न आहे. तो नीट कळायला नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला जाऊ या.

आइंडहोव्हन म्हणजे फिलिप्सचं गाव. बल्ब आणि रेडिओमुळे आपल्या घरोघरी पोचलेली ही कंपनी तिथे 1891 साली सुरू झाली, आणि 1914 मध्ये तिने स्वतःची संशोधन प्रयोगशाळा काढली: ‘नॅटलॅब’. स्पीकरवाल्यांना छळणारं एक कोडं या प्रयोगशाळेनेही हाती घेतलं. ते कोडं अमेरिकन अभियंता अँटन हॉफमन याच्या नावाने ओळखलं जातं. लहान पेटी, खोल बास आणि कमी वॉटमध्ये मोठा आवाज, या तीनपैकी तुम्हाला दोनच मिळतात. तिसऱ्यावर पाणी सोडावं लागतं.

असं का? बंद पेटीतली हवा स्प्रिंगसारखी वागते. पेटी जितकी लहान, तितकी स्प्रिंग कडक. स्पीकरचा कोन ज्या वारंवारतेला सहज हलतो, ती वर सरकते आणि तिच्याखाली आवाज दर सप्तकाला 12 डेसिबलने घसरतो. शिवाय एक सप्तक खाली तेवढाच आवाज हवा असेल तर कोनाला चौपट हलावं लागतं. कडक स्प्रिंगविरुद्ध चौपट हलवायचं म्हणजे चौपट व्होल्टेज, आणि म्हणून सोळापट वॉट!

1968 साली क्लासेन आणि डी कोनिंग या दोघांनी ‘फिलिप्स टेक्निकल रिव्ह्यू’मध्ये एक उपाय मांडला. कोनावरच त्वरण मोजणारा एक छोटा पिझो सेन्सर बसवायचा. कोन प्रत्यक्षात कसा हलतोय हे तो अ‍ॅम्प्लिफायरला सांगणार, आणि जिथे चाल चुकेल तिथे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्ती करणार. 1970च्या दशकात फिलिप्सने ‘एमएफबी’ नावाने असे स्पीकर विकले. अ‍ॅम्प्लिफायर पेटीच्या आतच, आणि आकाराच्या मानाने बास थक्क करणारा. पण हॉफमनचा नियम मोडला का? छे! फिलिप्सने पेटी लहान केली आणि त्याचं बिल वॉटमध्ये भरलं.

गाडीत मात्र एक सवलत मिळते. बंद केबिनची लांबी समजा 3 मीटर. साधारण 57 हर्ट्झच्या खाली ध्वनीची अर्धी लहरही त्यात मावत नाही, आणि कोन सगळ्या हवेवर एकदम दाब टाकू लागतो. त्यामुळे खालचा बास सप्तकाला जवळपास 12 डेसिबलने वाढतो. दारं-खिडक्यांतून हवा गळते, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी. तरीही लहान बंद पेटीची घसरण केबिन बरीचशी भरून काढते.

पण गाडीत वॉट तरी आणायचे कुठून? इंजिन चालू असताना मिळतात जेमतेम 14 व्होल्ट. 4 ओहमच्या स्पीकरला साध्या ब्रिज जोडणीतून त्यात सुमारे 25 वॉट मिळतात. मग डेकवर ‘50 वॉट’ कसं लिहिलेलं असतं? पूर्ण फाटलेल्या, चौकोनी लहरीचा हिशेब करा: 14 गुणिले 14 भागिले 4, म्हणजे 49. जुन्या टेपरेकॉर्डरवरचं ‘पीएमपीओ’ आठवलं ना?

यावर फिलिप्सच्याच तेव्हाच्या सेमीकंडक्टर विभागाने एक चिप काढली होती: टीडीए1560क्यू. 10 वॉटपर्यंत ती साध्या अ‍ॅम्प्लिफायरसारखी चालते. मोठा ठोका आला की कपॅसिटरच्या मदतीने स्वतःचं व्होल्टेज क्षणभर उचलते आणि 8 ओहमवर 40 वॉटपर्यंत जाते. संगीतात मोठे ठोके क्षणिक असतात, या भरवशावर ही रचना उभी आहे. चिप फार तापली, तर ती मुकाट्याने साध्या पद्धतीवर परत येते.

सबवूफरच्या कॉइलला मात्र अशी अक्कल नसते. दिलेल्या विजेपैकी एखादा टक्काच आवाज होतो, बाकी सगळी उष्णता. म्हणून खोक्यावरचा ‘मॅक्स’ किंवा ‘पीक’ आकडा सोडा आणि आरएमएस बघा. अ‍ॅम्प्लिफायरचा आरएमएस तुमच्या जोडणीच्या ओहमला किती, तेही तपासा. दोन 4 ओहमच्या कॉइल समांतर जोडल्या की 2 ओहम होतात. आणि लहान अ‍ॅम्प्लिफायर सुरक्षित असतो असं समजू नका. आवाज फाटेपर्यंत गेन वाढवला की तोही त्याच्या लिखित आकड्यापेक्षा जास्त वॉट ढकलतो.

पेटीचं काय? स्पीकरच्या कागदावर ‘क्यूटीएस’ शोधा. हे आकडे ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थिएल आणि रिचर्ड स्मॉल यांच्या कामातून आले. साधारण 0.4च्या वर असेल तर बंद पेटी, खाली असेल तर पोर्टवाली. पोर्टवाली पेटी कमी वॉटमध्ये मोठी वाजते, पण जागा जास्त खाते. शिवाय ट्यूनिंगच्या खाली हवेचा लगाम सुटतो आणि कोन बेफाम हलतो. तिथे सबसॉनिक फिल्टर हवाच.

थोडक्यात, डिकी वाचवलीत तर वॉट मोजा, वॉट वाचवायचे तर डिकी द्या. दोन्ही वाचवल्याचं कोणी सांगत असेल, तर कॉइल तापल्याचा वास येईपर्यंत वाट बघू नका.