परंड्याचे तख्त आणि चौलचे फिरंगी

१. अहमदनगर १६०० साली मोगलांच्या हाती गेल्यावर मलिक अंबराने ज्या काळी परंड्याच्या किल्ल्यात निजामशाही तख्ताची पुनःस्थापना केली, त्याच काळी चौलचे पोर्तुगीज ठाणे, १५८० ते १६४० पर्यंत पोर्तुगाल व स्पेनचे दोन्ही मुकुट एकाच शिरी असल्यामुळे, वस्तुतः स्पेनच्या राजाच्या अमलाखाली होते. हे पुष्कळदा विसरले जाते. १७४० च्या तहान्वये ते ठाणे मराठ्यांकडे आले आणि फिरंगी अंमलदार निघून गेले. परंतु खाडीपलीकडील कोर्लईत मागे राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी, ज्यांच्या पूर्वजांत फिरंगी शिपाई होते तसेच एतद्देशीय रयतही होती, पोर्तुगीज जबान टाकली नाही. माउंट कार्मेल मातेच्या देवळाभोवती वसलेली ही मंडळी बाजारात मराठी बोलतात. घरच्या पोर्तुगीज बोलीतही क्रियापद, मराठीप्रमाणेच, वाक्याच्या शेवटी येते.